भूल उतरल्यावर

दवाखान्याच्या दारावर पाट्या दोन होत्या, पण आत शिरलं की बसायची खोली एकच. तिथून डावीकडच्या दारात मोठे डॉक्टर, उजवीकडच्या दारात धाकट्या डॉक्टर. मोठे म्हणजे सासरे आणि धाकट्या म्हणजे त्यांची सून. काउंटरवरच्या बाई येणाऱ्याला विचारायच्या, "कोणाकडे?" आणि गाल धरून आलेली माणसं बोलायचे कष्ट न घेता डावीकडे मान करायची.

याला कारण कामातलं कसब नव्हतं. रूट कॅनालच्या बाबतीत सून सासऱ्यांच्या कितीतरी पुढे होती आणि हे सासरे चारचौघांत सांगायचेही. वाकड्या मुळांच्या, अडनिड्या दाढा ते हक्काने तिच्या खोलीत पाठवायचे. कारण होतं ते एक वाक्य. मोठे डॉक्टर समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "काही दुखणार नाही." घड्याळात बघून वेळ सांगावी, इतक्या सहज. ऐकणाऱ्याचे आखडलेले खांदे तिथल्या तिथे खाली यायचे.

सुनेची जीभ या वाक्याला वळत नसे. काम चालू असताना दुखत नाही, हे तिलाही मान्य होतं. भूल दिलेली असते. प्रश्न भूल उतरल्यानंतरचा होता. दाढेतली नस काढली तरी मुळाच्या टोकाभोवतीची जागा चिडलेली असते आणि संध्याकाळी ती आपला राग काढते. कोणावर काढेल आणि कोणाला सोडून देईल, याचाच पुढचं शिक्षण घेताना तिने ध्यास घेतला होता. दाढ आधीपासून ठणकत असेल, वरून हलकंसं ठोकल्यावर कळ जात असेल, खालची मागची दाढ असेल आणि त्यात माणूस घाबरलेला असेल, तर त्याची संध्याकाळ वाईट जाणार, हे ती बसल्या जागी सांगू शकायची. नुसतं सांगून थांबायची नाही. दाढेचा माथा किंचित घासून खाली घ्यायची, म्हणजे चावताना वरची दाढ तिच्यावर आपटू नये. मुळं थंडगार सलाइनने धुवायची. भूल उतरायच्या आत गोळी घ्यायला सांगायची, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वतः फोन करून विचारपूस करायची. एवढं सगळं करायची आणि मग एका वाक्याने त्याच्यावर पाणी ओतायची. "तुम्हाला दुखेल," ती म्हणायची. "गोळी वेळेवर घेतलीत तर कमी दुखेल, पण दुखेल."

यातून तिच्या पदरात काय पडायचं? ज्यांना दुखेल म्हटलं आणि दुखलं, त्यांना वाटायचं की बाईंनी म्हटलं म्हणून दुखलं. ज्यांना दुखेल म्हटलं आणि दुखलं नाही, ते म्हणायचे, शिकलेल्या खूप आहेत पण अंदाज साफ चुकला. आणि ज्यांना नाही म्हटलं आणि दुखलं, ते तर भांडायलाच यायचे.

मोटार चालवायला शिकवणारे एक गृहस्थ होते. जन्मभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून पाय ब्रेकवर ठेवायची सवय. सुनेच्या खुर्चीतही काम संपेपर्यंत त्यांचा उजवा पाय हवेत काहीतरी दाबत होता. तिने त्यांना अंदाज सांगितला, गोळी दिली. त्यांनी ती खिशात ठेवली. दुखायच्या आधीच औषध घेणं त्यांना भित्रेपणाचं वाटलं. संध्याकाळी व्हायचं ते झालं. पुढच्या खेपेला ते आले तेव्हा बसायच्या खोलीत त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की बाईंचा हात हलका आहे, त्यात वादच नाही, पण जीभ काळी आहे. त्या दिवसापासून उजवीकडचा दरवाजा काळ्या जिभेचा झाला.

सासऱ्यांच्या कानावर हे आलं तेव्हा त्यांना खरोखर वाईट वाटलं. संध्याकाळच्या चहाला त्यांनी विषय काढला.

"माणूस तोंड उघडून आडवा पडलेला असतो ना, तेव्हा त्याला खरं ऐकायचं नसतं गं," ते म्हणाले. "त्याला उठून घरी जायचं असतं."

सुनेने विचारलं की मग घरी गेल्यावर दुखतं त्याचं काय. त्यावर सासऱ्यांनी सांगितलं की त्यांच्या सबंध आयुष्यात एकाही पेशंटने नंतर दुखल्याची तक्रार केलेली नाही. हे अगदी खरं होतं. आणि ते खरं का होतं, हे सुनेला दवाखान्याच्या खालच्या औषधाच्या दुकानदाराने कधीच सांगून टाकलं होतं. मोठ्या डॉक्टरांचे पेशंट संध्याकाळी गाल धरून त्याच्याकडे यायचे, दुखण्यावरची गोळी मागायचे आणि वर म्हणायचे, डॉक्टरांना सांगू नका हं, त्यांना वाईट वाटेल. मोठ्या डॉक्टरांनी दुखणार नाही म्हणून सांगितलेलं असताना आपल्याला दुखतंय, म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी आहे, अशी त्यांची समजूत असायची. सुनेने हे सासऱ्यांना सांगितलं नाही. चहा संपवला आणि कप विसळायला गेली. खरं बोलायचं व्रत तिने पेशंटपुरतंच घेतलं होतं, घरात त्याची गरज तिला तोवर वाटली नव्हती.

अशातच सासऱ्यांनी रात्रीच्या जेवणातली पावाची कड खाणं सोडलं. मग संध्याकाळचे बदाम सोडले. मग त्यांच्या खोलीत लवंगेच्या तेलाचा वास येऊ लागला. सासूबाईंनी विचारलं तर म्हणाले, घसा धरलाय. दात दुखणाऱ्या माणसाने काय करावं हे जन्मभर लोकांना सांगणारा हा माणूस, स्वतःवर वेळ आल्यावर जे लोक करतात तेच सगळं, त्याच क्रमाने करत होता. डाव्या बाजूने चावत होता, गार पाणी टाळत होता आणि उद्या बरं वाटेल म्हणून वाट बघत होता.

एका दुपारी, दवाखाना बंद असायच्या वेळेत, सुनेला आपली विसरलेली छत्री आणायला परत जावं लागलं. डावीकडच्या खोलीत दिवा दिसला. डोकावून बघते तर सासरे पेशंटच्या खुर्चीत आडवे. एक्स-रेच्या यंत्राचं नळकांडं त्यांनी स्वतःच गालाला लावून घेतलेलं, तोंडात फोटोसाठी घालतात ती पट्टी, आणि तिचा दांडा बोटांत धरलेला. आता फक्त बटण दाबायचं राहिलं होतं. पण ते बटण, फोटो काढणाऱ्याला किरणांपासून जपायचं म्हणून, खोलीच्या बाहेर भिंतीवर बसवलेलं होतं. सासरे खुर्चीतून एक हात दाराकडे लांबवून त्या बटणाच्या दिशेने बघत होते. तोंडातली पट्टी हलू नये म्हणून त्यांना कोणाला हाकही मारता येत नव्हती, आणि मारायची तर कोणाला, हाही प्रश्नच होता.

दोघांची नजरानजर झाली. सून बाहेर आली आणि तिने बटण दाबलं.

पडद्यावर फोटो उमटला. खालची शेवटून दुसरी दाढ, आतून पोखरलेली, आणि मुळाच्या टोकाशी वाटाण्याएवढी काळी सावली. सासऱ्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ न्याहाळला. दुसऱ्याच्या दाढेबद्दल बोलावं तशा आवाजात म्हणाले, "रूट कॅनाल लागेल याला."

"तुम्हाला, बाबा," सून म्हणाली.

ठरलं ते रविवारी सकाळी, दवाखाना बंद असताना. काउंटरवरच्या बाईंनाही कळता कामा नये, ही त्यांची अट होती. सासूबाई मात्र सोबत आल्या आणि दारातल्या स्टुलावर पर्स मांडीत घेऊन बसल्या. मोठे डॉक्टर उजवीकडच्या खोलीत, उजवीकडच्या खुर्चीत पहिल्यांदाच आडवे झाले. दिवा डोळ्यांवर आला आणि त्यांनी खुर्चीचे हात असे पकडले की बोटांची पेरं पांढरी पडली. सुनेच्या ते लक्षात आलं. इतक्या वर्षांत या माणसाच्या चेहऱ्यावर भीती तिने कधी पाहिली नव्हती, आणि आता ती दिसत होती तर ती नेमकी त्या गोष्टींपैकी एक होती, ज्यांच्यावरून ती संध्याकाळचा अंदाज बांधायची.

तिने नेहमीचे प्रश्न विचारले. दुखतं का? "अधूनमधून." ठोकल्यावर? तिने आरशाच्या दांड्याने दाढेवर हलकंसं टकटक केलं आणि सासऱ्यांचे दोन्ही पाय खुर्चीवरून वर उडाले. "विशेष नाही," ते म्हणाले. झोप लागते का? गाढ लागते, असं ते सांगणार तोच स्टुलावरून आवाज आला.

"आठवडाभर रात्री येरझाऱ्या घालताहेत. मला वाटलं, पाहुणे आलेत घरी."

सुनेने मग नियमाप्रमाणे सांगितलं. "बाबा, दुखेल. तुमच्या बाबतीत सगळ्याच गोष्टी तशा आहेत. आत्ताच एक गोळी घ्या, नंतर संध्याकाळी एक आणि उद्या सकाळी एक. रक्तदाबाच्या तुमच्या डॉक्टरांना मी विचारलंय, चालेल म्हणालेत."

सासऱ्यांनी मान हलवली. आजवर आपण कुठल्याही पेशंटला दुखायच्या आधी गोळी दिली नाही, आणि आपल्याच बाबतीत तो नियम मोडायचा तर मग इतकी वर्षं आपण काय केलं, असा त्यांचा मुद्दा होता. मुद्दा तसा बिनतोड होता. सुनेने वाद घातला नाही. जे तिच्या हातात होतं ते तिने केलं. जास्त वेळ टिकणारी भूल दिली, दाढेभोवती रबरी पडदा ताणून बसवला, केसासारख्या बारीक फाइल्सनी मुळं एकेक करून साफ केली, फ्रिजमध्ये ठेवलेल्या सलाइनने ती सावकाश धुतली आणि शेवटी दाढेचा माथा घासून जरा खाली घेतला. सासरे सबंध वेळ डोळे मिटून पडून होते. मधे एकदा त्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी ओघळलं, ते तिने दिव्यामुळे असेल असं समजून टिपलं.

निघताना तिने गोळ्यांचं पाकीट सासूबाईंच्या हातात दिलं. मागितल्या तर द्या म्हणाली.

"ते मागणार नाहीत," सासूबाई म्हणाल्या आणि पाकीट पर्समध्ये टाकलं.

ती संध्याकाळ सुनेने फोनकडे बघत काढली नाही, कारण फोन करायची गरजच नव्हती; पेशंट बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होता. ती दर थोड्या वेळाने काही ना काही निमित्त काढून तिथून जात होती. भूल उतरायची वेळ झाली, टळून गेली. सासरे कोडं सोडवत होते. रात्री त्यांनी मऊ भात खाल्ला, सूप प्यायले आणि झोपायला गेले. सकाळी उठले ते शीळ घालतच.

सुनेला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण आतून कुठेतरी ती चक्रावली. इतके सगळे घटक एका जागी असताना काहीच दुखू नये, हे तिच्या अभ्यासात बसत नव्हतं. स्वयंपाकघरात तिने सासूबाईंना सहज विचारावं तसं विचारलं.

सासूबाई भाजी चिरत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "रक्तदाबाच्या गोळीबरोबर दिली ना मी. तू सांगितलीस तशी. काल घरी आल्याआल्या एक, मग संध्याकाळी, मग आत्ता."

"त्यांनी घेतली?"

"लग्न झाल्यापासून मी तळहातावर ठेवीन ते गिळताहेत. कधी खाली बघितलंय?"

सून तिथेच टेबलाला टेकली. पेशंटला न सांगता औषध देणं, हे तिच्या दृष्टीने पापच होतं. दुसऱ्या कोणी केलं असतं तर तिने त्याला फैलावर घेतलं असतं. तिने तोंड उघडलं, सासूबाईंकडे बघितलं, बाहेरून येणारी शीळ ऐकली आणि तोंड मिटलं. अशा रीतीने खऱ्याचा आग्रह धरणाऱ्या धाकट्या डॉक्टर मूग गिळून बसल्या, आणि बसल्या त्या कायमच्याच.

काउंटरवरच्या बाईंना कळू द्यायचं नव्हतं ते सासऱ्यांनी सोमवारी सकाळी स्वतःच बसायच्या खोलीत जाहीर केलं. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ते प्रत्येकाला आ करून दाढ दाखवत होते. सूनबाई म्हणाली होती भयंकर दुखेल, आणि काय झालं? काही नाही. एकही गोळी नाही. "तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका," ते कौतुकाने सांगायचे. "हाताकडे द्या. हाताला गुण आहे पोरीच्या."

म्हणजे झालं असं की दुखू नये म्हणून तिने जेवढं केलं, तेवढा तिचा अंदाज खोटा पडला, आणि अंदाज खोटा पडला म्हणून तिचं नाव झालं. डावीकडे मान करणारी माणसं आता उजवीकडे करू लागली. सासरे सगळ्यात घाबरट, सगळ्यात ठणकणारे पेशंट वेचून, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, आपलं वाक्य म्हणून तिच्याकडे धाडायचे. ती त्यांना तपासायची आणि दुखेल म्हणून सांगायची. ते समजूतदारपणे हसायचे. मोठ्या डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय, तुम्ही असं म्हणता म्हणून.

आणि आता खरी पंचाईत सुरू झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती फोन करायची, तेव्हा यातल्या बऱ्याच जणांना, दुखायला हवं होतं तेवढं दुखलेलं नसायचं. आधी तिला वाटलं, योगायोग. मग वाटलं, थंड सलाइन. पण सलाइन ती आधीही वापरत होती, गोळ्याही त्याच होत्या. फरक एकच होता, की ही माणसं तिच्या खुर्चीत येऊन बसायची तेव्हा घाबरलेली नसायची. तिच्याच अभ्यासात भीती हा एक मोठा घटक होता. त्या भीतीवर सासऱ्यांचं ते धडधडीत असत्य वाक्य औषधासारखं लागू पडत होतं. महिनोन्महिने तिने हे दुसऱ्या कशाने तरी समजावून घेण्याचा प्रयत्न केला. शेवटी हात टेकले.

दंतवैद्यांच्या मंडळाची दर महिन्याला सभा व्हायची. त्यात रूट कॅनालनंतरचं दुखणं आधी कसं ओळखावं आणि कसं टाळावं, यावर बोलायला तिला बोलावलं. सासरे सगळ्यात पुढच्या रांगेत, इस्त्रीचा कोट घालून; शेजारी सासूबाई. सून मुद्द्यांमागून मुद्दे मांडत गेली. शेवटी भीतीवर आली आणि प्रामाणिक माणसाला सुटका नसते म्हणून तेही सांगितलं. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी खात्रीने दिलेला धीर हा आपण औषधातच धरायला हवा, असं ती म्हणाली, आणि ते डॉक्टर कोण तेही सांगितलं. टाळ्या पडल्या. सासरे उठून उभे राहिले. त्यांना मोठेपणा नको होता, म्हणून ते आपली दाढ घेऊन बसले. मला धीर द्यायला कोणीच नव्हतं, उलट सूनबाईने दुखेल म्हणून घाबरवलं, तरी दुखलं नाही, असं त्यांनी सभेला सांगितलं.

मागून कोणीतरी विचारलं, "गोळ्या किती घेतल्या होत्या?"

"एकही नाही."

सासूबाईंनी पर्स उघडली आणि त्या आत काहीतरी मन लावून शोधू लागल्या. विचारणाऱ्याने आता सुनेकडे बघितलं. म्हणजे हा पेशंट तुमच्या दोन्ही सिद्धांतांच्या विरुद्ध जातो, असं म्हणायचं का? सुनेने पाण्याचा घोट घेतला आणि काही पेशंट अंदाजात बसत नाहीत, असं उत्तर दिलं.

सासरे आठवडाभर तरंगत होते. आपण इतकी वर्षं औषध देत होतो आणि आपल्यालाच पत्ता नव्हता, ही कल्पना त्यांना फार आवडली. त्यांनी सुनेला विचारलं की हात उजव्या खांद्यावर ठेवलेला बरा की डाव्या, आणि किती वेळ. तिने सांगितलं की तुम्ही ठेवता तसा ठेवा. पण आपण कसा ठेवतो, हे त्यांना आता आठवेना. ते खांद्यावर हात ठेवायचे, वाक्य म्हणायचे आणि मग औषध लागू पडतंय का म्हणून पेशंटच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायचे. भूगोल शिकवणाऱ्या एक शिक्षिका घाबरून उठूनच बसल्या आणि असं का बघताय म्हणून त्यांनी विचारलं. मग त्या वाक्याला शेपूट फुटलं. "सहसा काही दुखणार नाही." मग, "बहुतेकांना दुखत नाही." भिंतीपलीकडून हे ऐकताना सुनेच्या हातातली फाइल थांबायची. काउंटरवरच्या बाईंनी एक दिवस हळूच विचारलं, मोठ्या डॉक्टरांची तब्येत बरी आहे ना? लोक चौकशी करताहेत.

फोनवरची उत्तरंही बदलली. संध्याकाळी माणसं पुन्हा कण्हायला लागली, आणि आता ती खालच्या दुकानदाराकडे गुपचूप न जाता थेट मोठ्या डॉक्टरांनाच फोन करू लागली. आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांच्या कानांवर हे आलं की दुखतं. दर संध्याकाळी येत राहिलं. त्यांनी ते वाक्य म्हणणंच सोडून दिलं. पेशंट विचारायचा तेव्हा म्हणायचे, मला नाही सांगता येणार, सूनबाईला विचारा.

एका संध्याकाळी सगळे गेल्यावर ते तिच्या खोलीत आले आणि पेशंटच्या खुर्चीच्या कडेवर टेकले. सून उपकरणं धुऊन ठेवत होती. बराच वेळ ते तिच्या हातांकडे बघत राहिले.

"इतकी वर्षं मी लोकांशी खोटं बोललो का गं?"

सुनेने हातमोजे काढले. या प्रश्नाला एक उत्तर होतं आणि ते तिला पाठ होतं. हो, बाबा. ते उत्तर देण्याचीच तर तिची सगळी शिकवण होती. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्या रविवारी सकाळी दिव्याखाली पाहिली होती तशी भीती आता भर संध्याकाळी, दाढ न दुखता तिथे बसली होती. आणि नेहमीच्या सवयीने तिने मनातल्या मनात अंदाज बांधला. आधीपासून ठणकतंय, ठोकल्यावर कळ जातेय, माणूस घाबरलेला आहे. हे फार दुखेल आणि लवकर उतरणार नाही.

"बाबा, तुम्हाला सांगायचं राहिलंच," ती म्हणाली. "सभेत बोलले ते चुकलं होतं. मी आकडे परत तपासले. तुमच्या बोलण्याने काही फरक पडत नाही. ज्यांना दुखायचं नव्हतं त्यांनाच दुखलं नव्हतं."

सासऱ्यांनी मान वर केली. "म्हणजे ते औषध नव्हतं?"

"छे. नुसतं बोलणं होतं तुमचं. कोणी तसं धरूनही चालत नाही. सगळ्यांना माहीत असतं, डॉक्टर असं म्हणतातच."

त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. खांदे खाली आले. मग ते उठले, कोट सारखा केला, आणि जुने सासरे परत आल्याचं तिला पुढच्याच वाक्यावरून कळलं.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "तुझ्या अंदाजांचं काही खरं नसतं. सभेत बोलायच्या आधी दोनदा तपासावं गं माणसाने."

सुनेने हे मान्य केलं. पण तेवढ्यावर भागलं नाही. चूक झाली तर चारचौघांत कबूल करावी, हे सासऱ्यांचं तत्त्व होतं, आणि सुनेला अवघड वाटेल म्हणून ते काम त्यांनी मोठ्या मनाने स्वतःच्या अंगावर घेतलं. पुढच्या सभेत ते उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं की गेल्या खेपेला त्यांच्या सुनेने मांडलेला शेवटचा मुद्दा आकडेमोडीतल्या चुकीमुळे होता, तो कोणी मनावर घेऊ नये. तरुण माणसं आहेत, उत्साहात होतं असं. सभा प्रेमाने हसली. सून खाली मान घालून बसली. तिच्या सगळ्या अभ्यासातली सगळ्यात खरी गोष्ट त्या हसण्यात वाहून गेली, आणि ती परत आणायला तिच्याकडे तोंड नव्हतं. शेजारी सासूबाईंनी पर्समधून लवंग काढून तिच्या तळहातावर ठेवली. तिने खाली न बघता तोंडात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसायची खोली भरलेली होती. डावीकडून बोलण्याचा, मग कोणीतरी मोकळं हसल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने एक बाई आत आल्या. खालची मागची दाढ, रात्रभर ठणकलेली. पण त्या खुर्चीत बसल्या त्या घरच्या खुर्चीत बसावं तशा. सुनेने तपासलं, काम केलं, माथा घासून खाली घेतला, हातात गोळी दिली आणि संध्याकाळी दुखेल, गोळी चुकवू नका, म्हणून बजावलं. बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. लहान मुलाच्या हट्टाकडे बघावं तसं तिच्याकडे बघून मान डोलावली, गोळी गिळली आणि गेल्या.

तिने फोन केला तेव्हा पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. दुखलं का, म्हणून विचारल्यावर बाईंना आधी कळेचना की हा फोन कशाबद्दल आहे. मग आठवलं. नाही हो, विशेष काही नाही, त्या म्हणाल्या, आणि तुम्ही उगाच काळजी करता म्हणून तिलाच धीर दिला. सून म्हणाली, बरं झालं, आणि तिने पुढचा नंबर लावला.